राडारोड्यापासून टिकाऊ काँक्रीट : यवत परिसराच्या निमित्ताने

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, दौंड तालुक्याच्या पश्चिम भागात यवत हे बाजारपेठेचे गाव वसले आहे. उत्तरेस मुळा-मुठा व भीमा यांचे खोरे, दक्षिणेस भुलेश्वराची डोंगररांग, जवळून जाणारा पुणे-दौंड लोहमार्ग आणि मुठा उजव्या कालव्याचे पाणी, अशी या परिसराची रचना आहे. दरवर्षी ज्येष्ठ वद्यात संत तुकाराम महाराजांची पालखी येथे मुक्कामास असते. हजारो वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण देणारे गाव म्हणून यवतची ख्याती आहे. एवढा जनसमुदाय एका रात्रीसाठी सामावून घेणाऱ्या गावास पक्के रस्ते, मोऱ्या, गटारे, शौचालयांचे ओटे आणि पाण्याच्या टाक्या यांची किती गरज असते, हे वेगळे सांगावयास नको.

ही सर्व कामे आज काँक्रीटमध्ये होतात. काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. यांपैकी खडीसाठी डोंगर फोडावा लागतो, वाळूसाठी नदीचे पात्र उपसावे लागते आणि सिमेंटसाठी दूरवरच्या भट्टीत चुनखडी जाळावी लागते. दुसरीकडे, जुनी घरे पाडून नवी बांधताना निघणारा राडारोडा गावाबाहेरच्या ओढ्यात किंवा रस्त्याच्या कडेस पडून राहतो. एकीकडे टंचाई आणि दुसरीकडे नासाडी, अशी ही विसंगती आहे. पुनर्वापरातील साहित्यापासून कमी कार्बनचे, परंतु टिकाऊ काँक्रीट तयार करता येईल काय, या प्रश्नाचा विचार म्हणूनच गावपातळीवर होणे आवश्यक आहे.

सिमेंट आणि कार्बन

सिमेंटचा मुख्य घटक क्लिंकर हा होय. चुनखडी आणि माती यांचे मिश्रण सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानास भाजून तो तयार करतात. या भाजण्यात चुनखडीचे विघटन होऊन चुना मागे राहतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. १०० किलोग्रॅम शुद्ध चुनखडीतून ४४ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीत जळणाऱ्या कोळशाचा वायू त्यात मिळविला म्हणजे एक टन क्लिंकरमागे सुमारे ८५० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, आणि त्यापैकी ५०० किलोग्रॅमहून अधिक भाग निव्वळ दगडातून आलेला असतो.

या आकड्यांचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. भट्टीचे इंधन बदलले, वीज सूर्यापासून घेतली, तरी दगडातून सुटणारा वायू थांबत नाही. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा मानला जातो. सिमेंटच्या उत्पादनात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो. सन २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट भारताने २०२१ साली ग्लासगो परिषदेत जाहीर केले. ते गाठावयाचे असल्यास प्रत्येक घनमीटर काँक्रीटमधील क्लिंकरचे प्रमाण कमी करणे, हा सर्वांत सरळ मार्ग ठरतो.

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट सहज दाखविता येते. चुनखडीच्या खड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले म्हणजे जे बुडबुडे येतात, तो हाच वायू होय. येथे आम्ल जे काम करते, ते सिमेंटच्या भट्टीत उष्णता करते.

पुणे जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. खडीसाठी हा दगड उत्तम असला, तरी सिमेंटच्या मोठ्या कारखान्यास लागणारे चुनखडीचे साठे येथे नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातून किंवा कर्नाटकाच्या कलबुर्गी भागातून येणाऱ्या सिमेंटवर हा प्रदेश मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. म्हणून सिमेंटची काटकसर ही केवळ पर्यावरणाची नव्हे, तर वाहतूकखर्चाचीही बाब आहे.

चुना-सुरखीचा वारसा

पोर्टलँड सिमेंट सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी या प्रदेशातील मोठी बांधकामे चुन्यात होत असत. मुठा नदीवरील खडकवासला धरण १८७९ साली पूर्ण झाले. त्यातून निघालेला मुठा उजवा कालवा पाटसपर्यंत नेण्यात आला आणि अवर्षणाच्या छायेतील या पट्ट्यास पाणी मिळू लागले. ते दगडी धरण चुन्याच्या दर्जात बांधलेले होते. ८० हून अधिक वर्षे त्याने पाणी अडविले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर आलेल्या लोंढ्यामुळे त्यासही खिंडार पडले आणि पुढे त्याची पुनर्बांधणी करण्यात आली.

त्या काळी पाण्यातील बांधकामासाठी चुन्यात सुरखी मिसळण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक भुकटी. फुटक्या, टाकाऊ विटा कुटून ती तयार करीत आणि बैलाच्या घाणीत चुन्याबरोबर मळून घेत. नुसता चुना पाण्याखाली घट्ट होत नाही. परंतु भाजलेल्या मातीतील सिलिका व अॅल्युमिना यांच्याशी त्याचा पाण्यात संयोग झाला म्हणजे दगडासारखा कठीण पदार्थ तयार होतो. अशा गुणाच्या पदार्थांना पोझोलाना म्हणतात. इटलीतील पोझुओली या गावाजवळच्या ज्वालामुखीच्या राखेवरून हे नाव पडले.

आजच्या कमी कार्बनच्या सिमेंटचे मूळ तत्त्व हेच आहे. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून चुन्याचा काही भाग मोकळा राहतो. राख, धातुमळी किंवा भाजलेली माती हा मोकळा चुना बांधून घेते आणि काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे बुजविते. म्हणून टाकाऊ पदार्थ घातल्याने काँक्रीट कमजोर होते, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. योग्य पदार्थ, योग्य प्रमाण आणि पुरेसे पाणी मिळाले, तर तेच काँक्रीट अधिक अभेद्य होते.

घाटघरचा धडा

या तत्त्वाचा मोठ्या प्रमाणावरील प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील घाटघर येथे, सह्याद्रीच्या कड्यावर आणि कड्याखाली ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत, उदंचन पद्धतीचा २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प उभारण्यात आला. २००८ साली तो कार्यान्वित झाला. त्याची धरणे रोलरने दाबून बसविलेल्या काँक्रीटची असून, या पद्धतीने बांधलेली ती भारतातील पहिली धरणे होत. खालचे धरण सुमारे ८५ मीटर उंचीचे आहे.

या काँक्रीटमध्ये बांधक पदार्थाचा निम्म्याहून अधिक भाग औष्णिक वीज केंद्रातील राखेचा होता. 'फ्लाय अॅश' या नावाने ओळखली जाणारी ही राख कोळशाच्या धुरातून वेगळी काढली जाते. तिचे कण सिमेंटइतके, काही वेळा त्याहूनही बारीक असतात. एरवी ती तलावात साठवावी लागते आणि वाऱ्याबरोबर शेतांवर उडते. धरणासारख्या जाड बांधकामात सिमेंट घट्ट होताना फार उष्णता निर्माण होते. बाहेरचा भाग थंड आणि आतला तप्त राहिल्याने तडे जातात. सिमेंट कमी आणि राख अधिक असली म्हणजे ही उष्णता कमी होते. कार्बनची बचत आणि तडे टाळणे, हे दोन्ही हेतू तेथे एकाच उपायाने साधले.

मात्र घाटघरचा धडा जसाच्या तसा गावातल्या गटारास लावता येणार नाही. तेथे प्रत्येक घटकाची प्रयोगशाळेत तपासणी झाली होती. मिश्रणाचे वजन यंत्राने होत होते आणि प्रत्येक थर अभियंत्याच्या देखरेखीखाली दाबला जात होता. गावात मिश्रण घमेल्याने मोजले जाते. ही तफावत ओळखूनच पुढील विचार करावयास हवा.

परिसरात काय उपलब्ध आहे

यवतच्या परिसरात किंवा वाहतुकीच्या टप्प्यात चार प्रकारचे पुनर्वापराचे साहित्य येते. त्यांचा उपयोग आणि मर्यादा निरनिराळ्या आहेत.

पहिले साहित्य म्हणजे औष्णिक केंद्रातील राख. सोलापूरजवळील राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाचे केंद्र याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकास आहे, तर उत्तरेकडे नाशिकजवळ एकलहरे येथे राज्याचे केंद्र आहे. राखेच्या वापरासंबंधी केंद्र शासनाची पहिली अधिसूचना १९९९ साली निघाली. पुढे तिच्यात वेळोवेळी बदल होऊन औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या परिघातील बांधकामांत राखेच्या वापरावर भर देण्यात आला. राज्य शासनानेही २०१६ साली राखेच्या वापराचे धोरण स्वीकारले. तथापि ग्रामपंचायतीने सुटी राख आणून सिमेंटमध्ये कालविणे हितावह नाही. त्याऐवजी कारखान्यातच राख मिसळलेले पोर्टलँड पोझोलाना सिमेंट घ्यावे. भारतीय मानक १४८९ नुसार त्यात १५ ते ३५ टक्के राख असते. धातुमळीचे पोर्टलँड स्लॅग सिमेंटही उपयुक्त आहे. मानक ४५५ नुसार त्यात २५ ते ७० टक्क्यांपर्यंत पोलाद कारखान्यातील धातुमळी असू शकते. थोडक्यात, कमी कार्बनचे सिमेंट ही भविष्यातील वस्तू नसून ती तालुक्याच्या दुकानात आजही मिळते. खरेदी करताना पोत्यावरील मानक क्रमांक आणि भरल्याचा आठवडा वाचणे एवढेच करावे लागते.

दुसरे साहित्य राडारोडा हे होय. त्याचे दोन भाग करावे लागतात. जुन्या स्लॅब, खांब व काँक्रीट रस्ते फोडून मिळणारी खडी एक, आणि विटा, गिलावा, फरशी व माती यांचा मिश्र ढीग दुसरा. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीने या फरकाची स्पष्ट दखल घेतली आहे. निव्वळ काँक्रीटपासून मिळालेली पुनर्वापराची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळई असलेल्या काँक्रीटमध्ये एम-२५ दर्जापर्यंतच २० टक्के आणि एम-१५ हून कमी दर्जाच्या पायाभरणीच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के वापरता येते. विटा मिसळलेला माल मात्र केवळ अशा कमी दर्जाच्या काँक्रीटमध्येच चालतो. रस्त्याच्या कामातील वापरासाठी भारतीय रस्ते काँग्रेसची १२१ क्रमांकाची मार्गदर्शिका २०१७ पासून उपलब्ध आहे.

ही मर्यादा का घातली, हेही समजून घ्यावे. जुन्या खडीस जुना दर्जा चिकटलेला असतो आणि तो पाणी शोषतो. १० किलोग्रॅम कोरडी बेसाल्ट खडी २४ तास भिजवून, वरचे पाणी पुसून पुन्हा तोलली तर तिचे वजन साधारणतः १०० ते २०० ग्रॅमच वाढते. पुनर्वापराच्या खडीचे वजन ५०० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते. अशी खडी कोरडीच वापरली तर ती मिश्रणातले पाणी ओढून घेते. मग गवंडी वरून पाणी ओततो आणि काँक्रीटचे बळ घटते. म्हणून ती आदल्या दिवशी भिजवून, निथळवून वापरावी. शिवाय राडारोड्यात प्लास्टर ऑफ पॅरिस असल्यास त्यातील सल्फेटमुळे काँक्रीट पुढे फुगून फुटते. ज्या घराच्या छताला किंवा भिंतींना हे लेपण असेल, तो माल आधीच बाजूला काढणे अगत्याचे आहे.

तिसरे साहित्य या तालुक्याचे वैशिष्ट्य आहे. दौंड तालुका उसाचा. पाटस येथील भीमा सहकारी साखर कारखान्यासह अन्य कारखाने आणि अनेक गुऱ्हाळे या भागात आहेत. उसाच्या चिपाडाची राख ढिगाने निघते. १,००० टन ऊस गाळला तर सुमारे ३०० टन ओले चिपाड मिळते, आणि ते जाळल्यावर सुमारे ६ ते ९ टन राख उरते. ही राख योग्य तापमानास जळलेली, चाळलेली व बारीक दळलेली असेल, तर तिच्यातही पोझोलानाचा गुण येतो. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेसह अनेक ठिकाणी तिच्यावर अभ्यास झाला आहे. परंतु काळी, न जळलेला कोळसा असलेली राख उपयोगाची नसते, आणि ज्या भट्टीत चिपाडाबरोबर प्लास्टिक किंवा अन्य कचरा जळतो, तेथील राख तर कदापि वापरू नये. काँक्रीटच्या मुख्य मानकात, म्हणजे ४५६ मध्ये, औष्णिक केंद्राची राख, भाताच्या तुसाची राख व धातुमळी यांचा उल्लेख आहे. चिपाडाच्या राखेचा नाही. म्हणून तिचा वापर आज तपासणी करून फरसबंदीचे ठोकळे, विटा यांसारख्या वस्तूंपुरता मर्यादित ठेवणे इष्ट ठरेल.

चौथे साहित्य म्हणजे भाजलेली माती. एका अर्थाने सुरखीच नव्या रूपात परत येत आहे. सुमारे निम्मा क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के कच्ची चुनखडी आणि थोडे जिप्सम यांपासून तयार होणारे सिमेंट स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारत येथील संस्थांनी विकसित केले. माती भाजण्यास ८०० अंशांच्या आसपास तापमान पुरते आणि तिच्यातून दगडाप्रमाणे कार्बन डायऑक्साइड सुटत नाही. त्यामुळे साध्या सिमेंटच्या तुलनेत कार्बनमध्ये ३० ते ४० टक्के घट होऊ शकते. २०२३ साली १८१८९ क्रमांकाचे भारतीय मानक प्रसिद्ध होऊन या सिमेंटला मान्यता मिळाली.

टिकाऊपणाचा हिशेब

पुनर्वापराच्या खडीमुळे कार्बनची मोठी बचत होते, असा एक समज आढळतो. वस्तुतः काँक्रीटमधील कार्बनचा बहुतांश भाग सिमेंटचा असतो. खडीचा वाटा अल्प असतो. राडारोड्याच्या वापराने डोंगर वाचतो, ओढे मोकळे राहतात आणि वाहतूक घटते, हे खरे लाभ आहेत. परंतु कमजोर खडी भरून काढण्यासाठी एक पोते सिमेंट जादा घातले, तर कार्बनच्या दृष्टीने तोटाच होतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न आयुष्याचा आहे. उदाहरणादाखल १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड असा गल्लीतील रस्ता घेऊ. त्यास ४५ घनमीटर काँक्रीट लागेल. घनमीटरला ३२० किलोग्रॅम धरल्यास सिमेंट १४.४ टन होते. ते साधे पोर्टलँड सिमेंट असेल, तर केवळ क्लिंकरचा कार्बन सुमारे ११.६ टन होईल. राखमिश्रित सिमेंटमध्ये क्लिंकर ६५ टक्के धरला, तर हाच आकडा सुमारे ८ टनांवर येतो. म्हणजे एका गल्लीमागे साडेतीन टनांहून अधिक बचत झाली.

आता समजा, राखमिश्रित सिमेंटचा हा रस्ता निष्काळजीपणाने केला आणि तो ५ वर्षांत उखडला. १५ वर्षांत तो तीन वेळा करावा लागेल आणि कार्बन २४ टनांवर जाईल. साध्या सिमेंटचा, पण नीट केलेला रस्ता १५ वर्षे टिकला, तर कार्बन ११.६ टनच राहील. राखमिश्रित सिमेंटचाच रस्ता नीट करून १५ वर्षे टिकविला, तर तो ८ टनांत भागेल. कमी कार्बनचे साहित्य आणि चांगली कारागिरी यांची फारकत केली, तर पहिल्याचा लाभ दुसऱ्याच्या अभावी बुडतो, हे या साध्या हिशेबावरून दिसून येईल. ग्रामनिधीच्या बाबतीतही हाच हिशेब लागू पडतो.

याच रस्त्याखाली १० सेंटिमीटरचा कमी दर्जाच्या काँक्रीटचा थर दिला, तर त्यास ३० घनमीटर काँक्रीट आणि सुमारे ३६ टन खडी लागेल. ही सर्व खडी राडारोड्यातून घेता येते. ३ ते ४ टनांची एक ट्रॉली धरली, तर नऊ ते बारा ट्रॉल्या दगड वाचतो आणि वरचा, चाकांचा भार झेलणारा थर नव्या खडीचाच राहतो. गावपातळीवर राडारोड्याचा सर्वांत निर्धोक उपयोग हाच होय.

पाणी : थोडे आणि पुरेसे

काँक्रीटचे आयुष्य पाण्यावर ठरते. मिश्रणात ते थोडे हवे आणि नंतर भरपूर हवे. ५० किलोग्रॅमच्या एका पोत्यास २५ ते २७ लिटर पाणी पुरते. वाळूतील ओलावाही यातच धरावयाचा असतो. काम सोपे व्हावे म्हणून आणखी १० लिटर ओतले, तर ते पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. त्या छिद्रांतून हवा व पाणी आत शिरते, सळईस गंज चढतो आणि गंज फुगून काँक्रीट फोडतो. राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटमध्ये मोकळा चुना कमी असल्यामुळे, ते नीट भिजविले नाही तर हवेतील कार्बन डायऑक्साइड सळईपर्यंत लवकर पोहोचतो. म्हणून सळईवरील आच्छादन कटाक्षाने राखावे. मानकानुसार ते स्लॅबला किमान २० मिलिमीटर, खांबाला ४० मिलिमीटर आणि पायाला ५० मिलिमीटर असते.

काँक्रीट टाकल्यावर साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, तर मिश्रित सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारावे, असे मानक ४५६ सांगते. १४ दिवस मारणे अधिक चांगले. राखेचे काम सावकाश चालते. पाणी आटले की ते थांबते. या एका कारणामुळे मिश्रित सिमेंटची नाहक बदनामी झालेली आढळते.

दौंड आणि शिरूर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. उन्हाळ्यात काही गावांना पिण्याच्या पाण्याचीही ओढ लागते. वरील ३०० चौरस मीटरच्या रस्त्यावर मातीचे वाफे करून त्यांत अडीच सेंटिमीटर पाणी साठवावयाचे, तर आरंभीच ७,५०० लिटर लागतात, आणि उन्हाने रोज एक सेंटिमीटर आटले तरी ३,००० लिटरची भर घालावी लागते. टँकरच्या दिवसांत हे पाणी कोठून येणार? ओली गोणपाटे पसरून त्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरला, तर पाण्याची मोठी बचत होते. परंतु खरा उपाय वेळापत्रकाचा आहे. आर्थिक वर्ष संपत आले म्हणजे मार्चअखेर कामे उरकण्याची घाई होते. ऊन वाढत असते, विहिरी खाली जात असतात आणि नेमके त्याच वेळी काँक्रीट पडते. हीच कामे कार्तिक ते माघ या काळात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान घेतली, तर हवा थंड व विहिरींना पाणी असते. त्यासाठी अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी पावसाळ्यातच पूर्ण व्हावयास हवी.

ग्रामपंचायतीचे कार्य

बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र शासनाने २०१६ साली केले. काँक्रीट, माती, विटा व दर्जा, आणि पोलाद-लाकूड-प्लास्टिक अशी वर्गवारी करण्याची अपेक्षा त्यांत होती. शासकीय कामांत १० ते २० टक्के पुनर्वापराचे साहित्य घेण्याचाही त्यांत निर्देश होता. २०२५ साली अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी मोठ्या बांधकाम प्रकल्पांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली असून, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. कृत्रिम वाळूसंबंधीचे धोरणही राज्य शासनाने २०२५ साली स्वीकारले. म्हणजे वरून दिशा स्पष्ट आहे. ती गावात उतरविण्यासाठी पुढील गोष्टी करता येतील.

१. गावठाणाबाहेर, ओढ्यापासून दूर, राडारोड्यासाठी एक जागा मुक्रर करावी. तेथे काँक्रीट, विटा आणि माती यांचे तीन स्वतंत्र ढीग ठेवावेत. घरकुलासाठी जुने घर पाडणाऱ्या कुटुंबास ही माहिती काम सुरू होण्यापूर्वी द्यावी. कारण एकदा मिसळलेला माल पुन्हा वेगळा करणे महाग पडते.

२. प्रत्येक गावाने खडी फोडण्याचे यंत्र घेण्याची गरज नाही. शेजारच्या गावांनी मिळून, पंचायत समितीच्या साहाय्याने, वर्षातून काही दिवस परवानाधारक यंत्राकडून हा माल फोडून व चाळून घेता येईल.

३. अंदाजपत्रकात मिश्रित सिमेंट, खालच्या थरात पुनर्वापराची खडी आणि पाणी मारण्याचा स्वतंत्र खर्च, या तीन बाबी नमूद कराव्यात. पाणी मारण्याचा खर्च ठेकेदाराच्या मर्जीवर सोडला की ते मारले जात नाही.

४. काँक्रीटचे ठोकळे तपासणीसाठी घ्यावेत. मानकानुसार ३१ ते ५० घनमीटरच्या कामास चार नमुने, आणि दर नमुन्यास २८ दिवसांच्या चाचणीसाठी १५ सेंटिमीटरचे तीन ठोकळे लागतात. वरील रस्त्यास ही संख्या १२ होते. निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा.

५. प्रत्येक कामाची तारीख, सिमेंटचा प्रकार आणि पाणी मारल्याचे दिवस एका नोंदवहीत लिहावेत. ५ वर्षांनी कोणता रस्ता टिकला आणि का टिकला, हे ठरविण्यास दुसरा पुरावा नसतो.

शिक्षकांनाही या कामात स्थान आहे. जुन्या काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण टाकले, तर आतला निरोगी भाग गुलाबी होतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडने बाधित झालेला बाहेरचा भाग रंगहीन राहतो. रंगहीन पट्ट्याची जाडी मोजून विद्यार्थी गावातील जुन्या व नव्या कामांची तुलना करू शकतील. खडीच्या पाणीशोषणाचा प्रयोग तर एका तराजूवर व बादलीवर होतो. असे अनुभव घेतलेली मुले उद्या सरपंच, गवंडी, अभियंता किंवा घरमालक होतील, तेव्हा मिश्रणात जादा पाणी ओतणाऱ्या हातास ती निश्चितच थांबवतील.

कमी कार्बनच्या काँक्रीटसाठी यवतसारख्या गावाने नव्या यंत्रसामग्रीची किंवा परदेशी तंत्रज्ञानाची वाट पाहण्याचे कारण नाही. मिश्रित सिमेंट बाजारात आहे, राडारोडा गावात आहे आणि मानके प्रसिद्ध झालेली आहेत. उणीव आहे ती माल वेगळा ठेवण्याच्या शिस्तीची, पाणी मोजण्याच्या सवयीची आणि योग्य हंगामात काम सुरू करण्याच्या नियोजनाची. ही उणीव भरून काढण्याचा अधिकार आणि साधने ग्रामपंचायतीच्या हाती आहेत. येत्या पावसाळ्यात तयार होणाऱ्या अंदाजपत्रकापासूनच त्याचा आरंभ करता येईल.